नदीने सोडलेला पूल

आइसलँडला प्रदक्षिणा घालणारा एक नंबरचा रस्ता पुरा झाला तो १९७४ साली. त्याआधी आग्नेय किनाऱ्यावरच्या हॉप्न गावातून राजधानी रेक्याविकला मोटारीने जायचं, तर उत्तरेकडून अख्ख्या बेटाला वळसा घालावा लागे. दक्षिणेची वाट अडवली होती वात्नायोकुल या अवाढव्य हिमपठारावरून उतरणाऱ्या नद्यांनी. त्यांना धड पात्र नसतं. हिमनदीच्या पायथ्याशी पसरलेल्या काळ्या वाळूतून त्या आज इथून, उद्या तिथून वाहतात. ओराइवी भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला सरावलेल्या घोड्यांवरून वाटसरूंना पार नेत. अखेर सरकारनं सोडतीचे रोखे काढून लोकांकडूनच पैसा उभा केला आणि स्केइदारा नदीवर जवळजवळ ९०० मीटर लांबीचा पूल बांधला. सव्वादोन लाखांहूनही कमी वस्तीच्या देशानं!

हा पूल पाहायचा, एवढं मी निघतानाच ठरवलं होतं. जुलै महिना, तरी अंगात लोकरीचा स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. गाडी ताब्यात देणाऱ्या मुलीनं सगळ्यात आधी काय बजावलं, तर दार उघडताना ते हातानं घट्ट धरा, वारा उलटं फिरवून मोडून टाकतो. सोबत आलेल्या बहिणीनं ते व्रतासारखं पाळलं. रस्ता चांगला, पण अरुंद. काही पुलांवर एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. समोरचा आधी पोचला असेल तर आपण थांबायचं. तो जाताना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो, आपणही उचलतो. रात्री अकरालाही दिव्यांशिवाय वाचता येईल इतका उजेड असल्यामुळे घाई कसलीच नव्हती.

क्लाउस्तुर गावाच्या अलीकडे रस्ता लाव्हाच्या मैदानातून जातो. क्षितिजापर्यंत दगडांचे उंचवटे आणि त्यांवर करड्या-हिरव्या शेवाळाचा जाड थर. एका दगडाशी वाकून पाहिलं. शेवाळ ओंजळभर खोल होतं, त्यात पावसाचे थेंब अडकले होते आणि कडेला, जिथे कुणाचा तरी बूट पडला होता, तिथे उघडा काळा खडक. तो ठसा भरून यायला कित्येक वर्षं लागणार. हा लाव्हा १७८३च्या जूनमध्ये लाकीच्या भेगेतून यायला लागला आणि आठ महिने येत राहिला. विषारी वायूनं गवत बाधलं, गुरं-मेंढ्या मेल्या, मग दुष्काळ पडला. देशातला पाचातला एक माणूस गेला. लाव्हा क्लाउस्तुरच्या दिशेनं सरकत असताना योन स्टेनग्रिमसन या पाद्र्यानं गावकऱ्यांना चर्चमध्ये जमवून प्रवचन दिलं. लाव्हा चर्चपर्यंत पोचला नाही. प्रवचनामुळे की नदीच्या पाण्यामुळे, हा वाद मला फिजूल वाटतो. त्या दिवशी माणसं एकत्र बसली होती, हे मला मोठं वाटतं.

मी वाईची. काळा कातळ पाहतच वाढले. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हे शाळेत पाठ केलेलं. पण ते थर साचताना कसं दिसलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. लाकीच्या एका उद्रेकानं सहाशेक चौरस किलोमीटर जमीन झाकली. दख्खनचं पठार आजही पाच लाख चौरस किलोमीटर भरतं. त्या शेवाळापाशी उभी असताना आमच्या पांडवगडाखालच्या कातळाचंही कधीतरी असंच कोवळं वय होतं, हे पहिल्यांदा कळलं आणि अंगावर काटा आला.

पुढे वाळूचं मैदान लागलं, आणि तो पूल. आणि रस्त्याकडेला पोलादी तुळयांचे दोन तुकडे. १९९६च्या सप्टेंबरअखेर वात्नायोकुलच्या पोटात ज्वालामुखी जागा झाला. वितळलेलं पाणी बर्फाखालच्या ग्रिम्सवोत्न सरोवरात साठत गेलं. पाणी येणार हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कधी ते माहीत नव्हतं. पाच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबरला ते आलं, सेकंदाला पंचेचाळीस हजार घनमीटरच्या वर. सोबत घरांएवढे हिमखंड. माणूस एकही दगावला नाही. पुलाचा काही भाग मात्र गेला. रस्त्याकडेला ठेवलेल्या पिळवटलेल्या तुळया त्याच लोंढ्यातल्या. मी एकीवरून हात फिरवला. पोलाद दुमडून आलेल्या घडीत वाळू भरली होती, बोटांना झोंबण्याइतकी थंड.

पूल दुरुस्त झाला. लोंढ्यानं नेलं, माणसांनी पुन्हा बांधलं. इथवरची गोष्ट मला भावते, त्यात दोघांचाही मान राहतो. पण २००९ साली हिमनदी मागे सरकता सरकता स्केइदारानं आपलं पाणी पश्चिमेकडच्या दुसऱ्या नदीत वळवलं. देशातला सर्वांत लांब पूल जवळजवळ कोरड्या वाळूवर उभा राहिला. २०१७मध्ये शेजारच्या लहानशा प्रवाहावर छोटा पूल झाला आणि रस्ता तिकडून गेला. ज्या पाण्याच्या धास्तीनं इतका लांब पूल बांधला, ते पाणीच उरलं नाही. एवढी भीती मला लोंढ्याच्या कहाणीनं वाटली नव्हती. लोंढा येतो आणि ओसरतो. मागे सरकलेलं बर्फ आपल्या हयातीत तरी परत येणार नाही.

वाळूत बर्चची रोपटी उगवली आहेत. कुणी लावलेली नाहीत. नदी फिरकत नाही, उन्हाळेही पूर्वीपेक्षा उबदार, म्हणून तगली. वसाहत झाली तेव्हाची जंगलं कुऱ्हाडीनं आणि मेंढ्यांनी संपवलेल्या देशात आपसूक वाढणारं रान. बहीण म्हणाली, “ताई, हे तरी चांगलं झालं ना?” मी हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पण वर पाहिलं की हिमनदीचं टोक दिसत होतं, आणि खडकावरच्या खुणेवरून ते पूर्वी कुठवर होतं तेही.