समुद्राच्या तळावरचा कांदा

चारही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत कांद्याची हिरवीगार पात, आणि मी उभा आहे तो समुद्राचा तळ! खरंच तळ. नेदरलँड्सचा फ्लेव्होलँड हा प्रांतच मुळी पाणी उपसून बनवलेला. ज्या 1968 साली आमच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, त्याच साली दक्षिण फ्लेव्होलँडची जमीन पाण्यातून वर आली. आजही ती समुद्रसपाटीच्या खालीच आहे. पाऊस पडला की आम्ही नगरकर पाणी अडवतो; इथे पंप लावून ते बाहेर काढतात!

राहवेना. शेतातूनच घरी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. घोडेगावच्या बाजारात गोण्या उतरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "आरं, लागणीला बाया किती लागल्या?" अण्णा, लागण नाहीच! रोप टाकायचं नाही, उपटायचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये यंत्र थेट बी पेरतं, एका रेषेत, ठरावीक अंतरावर. ऑगस्ट-सप्टेंबरला काढणी, मग गरम हवेने वाळवण, आणि पुढे कित्येक महिने थंड गोदामात साठवण. अण्णा बराच वेळ नुसते पात बघत राहिले.

इथवर पोचलो कसा, ते सांगायलाच हवं. कारण हा रस्ता आमच्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. राहुरीला बीएस्सी अॅग्री केलं, मग म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात, फ्रायझिंगच्या कॅम्पसवर मास्टर्स. जर्मनीत शिकलो म्हणजे नोकरीही जर्मनीतच, असं मीही धरून चाललो होतो आणि घरचेही. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनी 18 महिने देते. त्या परवान्यावर शेजारच्या देशात हिंडता येतं, तिथे नोकरी मात्र करता येत नाही.

आणि मग नेदरलँड्सची योजना कळली! जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या 200 विद्यापीठांपैकी एखाद्यातून मास्टर्स केलं असेल, तर पदवीपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा. तो मंजूर झाला की पूर्ण एक वर्ष त्या देशात राहून नोकरी शोधायची, आणि त्या वर्षात कुठलंही काम करायला वेगळा वर्क परमिट लागत नाही. विद्यापीठ डचच असलं पाहिजे असं नाही! नंतर कुशल कामगार म्हणून परवाना घेताना पगाराची अटही इतरांपेक्षा कमी. माझ्या जर्मन पदवीमुळे असा दुसऱ्याच देशाचा दरवाजा उघडेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्या दरवाजातून मी थेट एन्कहाउझनला आलो. या भागाला 'सीड व्हॅली' म्हणतात. भाजीपाल्याच्या बियाण्यावर काम करणाऱ्या कंपन्यांची इथे दाटी आहे. माझं काम कांद्याच्या वाणांवर. कांदा पहिल्या वर्षी गड्डा धरतो आणि दुसऱ्या वर्षी डेंगळा काढून बी देतो, त्यामुळे नवा वाण तयार व्हायला दहा-दहा वर्षं सहज जातात. एवढा धीर धरून बसलेली माणसं मी रोज जवळून पाहतोय!

सगळ्यात थक्क केलं ते दिवसाच्या लांबीने. इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डच कांद्याला गड्डा धरायला हा लांबलचक दिवसच लागतो. हेच बी आपल्या नेवासे-राहुरीत पेरलं तर नुसती पात वाढेल, कांदा धरणारच नाही. आपला एन-2-4-1 हा उन्हाळी वाण लहान दिवसाचा. तो इथे पेरला तर पात पुरती वाढायच्या आतच गड्डा धरायला लागेल. पुस्तकात हे वाचलं होतं. पण रात्री साडेनऊला उन्हात उभं राहून कांद्याकडे बघताना ते अंगावर आलं. म्हणजे इथलं बी उचलून आपल्याकडे नेऊन भागणार नाही. न्यायची ती वाण निवडण्याची रीत, वाळवण्याची आणि साठवण्याची रीत. आमच्या कांदाचाळीत मोड येऊन सडणारा गावरान कांदा मी लहानपणापासून पाहिलाय, म्हणून हे इतक्या तळमळीने लिहितोय.

राहुरीच्या, बाभळेश्वरच्या, संगमनेरच्या पोरापोरींनो, जर्मनीत, फ्रान्समध्ये, इटलीत, कुठेही शिकत असाल, तर फक्त त्याच देशाकडे बघू नका. डच स्थलांतर खात्याच्या, म्हणजे आयएनडीच्या संकेतस्थळावर आपल्या विद्यापीठाचं नाव बसतंय का ते आजच तपासा. नियम बदलतात, म्हणून अर्जाआधी पुन्हा एकदा बघा. आणि पदवीची तारीख वहीत लिहून ठेवा. तीन वर्षांची मुदत तिथूनच सुरू होते.