कोंबड्याचा बंदोबस्त

‘बंदोबस्त’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याच्या दोन्ही तुकड्यांचा संबंध बांधण्याशी आहे. इंग्रजी अमलात जमीनमहसुलाची व्यवस्था लावण्याला बंदोबस्त म्हणत. गणेशोत्सवात पोलिसांचा असतो तोही बंदोबस्त. आणि घुशींचा, भटक्या कुत्र्यांचा किंवा जिन्यात पडून राहिलेल्या मोडक्या सोफ्याचा करतात तोही बंदोबस्तच. या शेवटच्या अर्थाचे वैशिष्ट्य असे, की नेमके काय करायचे ते तो सांगत नाही. गोष्ट नजरेआड झाली की बंदोबस्त झाला. बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या आषाढात जे पत्र लागले, त्यात हाच शब्द होता. तळमजल्यावरील सदनिकेच्या मागील मोकळ्या जागेत असलेल्या कोंबड्याचा संबंधितांनी आठ दिवसांत बंदोबस्त करावा. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांचा हवाला. त्यांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. संबंधित म्हणजे आम्ही.

मार्चमध्ये माझ्या भाच्याने स्टेशनाबाहेरच्या फेरीवाल्याकडून चार रंगवलेली पिल्ले आणून माझ्या मुलीच्या ओंजळीत ठेवली होती. एक गुलाबी, एक हिरवे, दोन पिवळी. तीन आठवड्याच्या आत गेली. गुलाबी राहिले. महिन्याभरात रंग झडून पांढरी पिसे आली, मग लालभडक तुरा आला, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे फुटक्या पिपाणीसारखा आवाज आला. तोवर घरातले सगळे ‘अंडी कधी देईल’ असा विचार करीत होते. वास्तविक तसे होण्याची शक्यता पहिल्यापासूनच फार थोडी होती. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींमध्ये जन्मणाऱ्या पिल्लांपैकी निम्मी नर असतात. ती अंडी देणार नाहीत हे उघडच आहे. आणि त्यांच्या अंगावर मांसही धरत नाही, कारण मांसासाठीच्या ब्रॉयलर जाती वेगळ्या, पाच-सहा आठवड्यांत कापण्याजोग्या होणाऱ्या. त्यामुळे उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी माद्या एका बाजूला आणि नर दुसऱ्या बाजूला होतात. नरांना बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथे मारतात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी आणली. आपल्याकडे यातली काही पिल्ले रंगात बुडवून पाटीत भरतात आणि शाळा-स्टेशनांबाहेर विकतात. म्हणजे आमच्या फलकावर पत्र लागले तेव्हा हा जीव पहिल्यांदा नकोसा झाला नव्हता. जन्माच्या पहिल्याच दिवशी तो एकदा नकोसा होऊन गेला होता, आणि मधले तीन महिने निव्वळ गुलाबी रंगाच्या पुण्याईवर जगला होता.

तक्रार कुणाची होती हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर हे लिखाण ‘शहरी माणसाला निसर्ग सोसवत नाही’ या सोप्या वळणाने जाईल. आमच्या बरोबर वर एक परिचारिका राहते. महिन्यातले पंधरा दिवस तिची रात्रपाळी असते. सकाळी आठला ती घरी येते आणि दुपारपर्यंत झोपते. कोंबडा फक्त पहाटे आरवतो हा पाठ्यपुस्तकातला समज; तो दहाला आरवतो, बाराला आरवतो, कुणी प्रेशर कुकर लावला तर त्याच्या शिट्टीलाही उत्तर देतो. तिने तक्रार दोनदा तोंडी केली, दोन्ही वेळा हात जोडून. ‘मॅडम, मला औषधं मोजायची असतात हो,’ एवढेच ती म्हणाली. याच्यापुढे आपल्याकडे बोलायला काय असते?

मग आम्ही झाकण्याचा उपाय करून पाहिला. रात्री न्हाणीघरात, खोक्यात, वरून जाड चादर. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही ही म्हण मी वीस वर्षे वर्गात समजावून देत आले आहे. पण झाकल्याने कोंबड्याचेही काही राहत नाही हा तिच्या पोटातला अनुभव या निमित्ताने मिळाला. जपानमधल्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली हेच प्रयोगाने दाखवले. कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवले, बाहेर रात्र आहे की दिवस हे कळायला काही मार्ग ठेवला नाही, तरी ते आपल्या वेळी आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या आतच असते. आमचा चार वाजून दहा मिनिटांनी चादरीखालून बोलत असे.

मराठीत कोंबडा किती ठिकाणी जाऊन बसला आहे! केसांचा कोंबडा होता, शाळेतला अंगठे धरून होण्याचा कोंबडा होता, नवसाचा आहे, कोंबडा आरवायच्या आत उठून दळणाला बसणाऱ्या बायकांच्या आठवणी आहेत. या सगळ्यांमागे कोंबड्याची तीन कामे दिसतात. तो वेळ सांगत होता, देवाला चालत होता आणि पाहुण्याच्या ताटात येत होता. नवसाचा अजूनही चालतो. कार्ल्याच्या एकवीरेला कोळी आणि आगरी मंडळी नेतात. युरोपातही ही प्रथा होतीच. प्लेटोने सांगितले आहे, की विषाचा पेला घेतलेल्या सॉक्रेटिसाने शेवटी क्रिटोला आठवण केली ती अस्क्लेपियस देवाच्या देणे असलेल्या कोंबड्याची. (तो कोंबडा पुढे खरोखर दिला गेला का, याची चौकशी माझ्या माहितीतल्या एकाही तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने केलेली नाही.) आमच्या पांढऱ्या लेगहॉर्नला या तिन्हींतले एकही काम नव्हते. वेळ मोबाइल सांगतो, नवस कुणी बोलले नव्हते, आणि मांसाची गोष्ट तर वर सांगितलीच.

फ्रान्समध्ये ओलेरों नावाच्या बेटावरच्या मॉरिस कोंबड्याचा खटला काहींना आठवत असेल. शेजारच्या घरी सुट्टीला येणाऱ्या जोडप्याने त्याच्या आरवण्याविरुद्ध दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने मॉरिसच्या बाजूने निकाल दिला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तर खेड्यातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदाच तिथे झाला. मॉरिस मात्र २०२० सालीच मेला होता. माझ्या एका सहकाऱ्याने हे कात्रण मोठ्या उत्साहाने आणून दिले. त्याचे म्हणणे, वझिरा, एक्सर ही बोरिवलीतली गावठाणे तुमच्या सोसायटीच्या कितीतरी आधीची. तेव्हा उपरे कोण? युक्तिवाद झकास होता, पण आमच्या कामाचा नव्हता. गावठाणातल्या कोंबड्याला तो लागू पडेल. आमचा कोंबडा गावठाणातला नव्हता, लेगहॉर्न हे नावच मुळी इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे. आणि रात्रपाळी करून आलेली बाई म्हणजे सुट्टीला आलेले जोडपे नव्हे.

सल्ले पुष्कळ आले. ते ऐकताना मला त्यांतली क्रियापदे मोजायची खोड लागली, हा व्यवसायाचा दोष. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘नॅशनल पार्कात सोडून द्या.’ सोडणे म्हणजे मोकळे करणे, असे त्या वाक्यात वाटते. पण खुराड्याबाहेर कधी न गेलेला पांढराशुभ्र पक्षी संजय गांधी उद्यानात सोडणे म्हणजे बिबट्याच्या किंवा मुंगसाच्या एका वेळच्या जेवणाची सोय करणे, आणि वर आपण जीवदान दिले असे मानणे. नणंद म्हणाली, ‘कुणाला तरी देऊन टाका गं.’ देऊन टाकणे! संयुक्त क्रियापदातले दुसरे क्रियापद आपला मूळ अर्थ गमावते असे आपण शिकवतो. नेहमीच गमावते का, याची मला शंका आहे. ‘टाकणे’ हेच क्रियापद आपण नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईलाही लावत आलो. ‘टाकलेली’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. बातम्यांमधले क्रियापद ‘नष्ट करणे’ असे होते. कागदपत्रे नष्ट करतात, तसे.

‘कापणे’ हा शब्द घरात एकट्या सासूबाईंनी उच्चारला. त्या वेंगुर्ल्याकडच्या, वय एकोणऐंशी. त्यांच्या गावी राखणदाराला दरसाल कोंबडा देतात, आणि घरचा कोंबडा मोठा झाला की त्याचे काय करायचे हा प्रश्न कुणाला पडत नाही. पत्राची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, ‘अगो, आपण पोसलो तर आपणच कापूक होयो. दुसऱ्याच्या हातात कित्याक देतंस?’ त्यांच्या म्हणण्यात क्रौर्य नव्हते, हे मला समजायला दोन दिवस लागले. त्यांच्या मते ज्याने दाणे टाकले त्यानेच शेवटही पाहावा; तो दुसऱ्यावर ढकलणे हे पाप. पण त्यांचे हात आता कापतात. माझे यजमान रविवारी दुकानातून कोंबडी आणतात, सुरी कधी हातात धरलेली नाही. माझीही तीच गत.

तरीही मी बाजारातल्या चिकनच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराने फोटो पाहिला आणि मान हलवली. ‘अंड्याच्या जातीचा आहे, ताई. याला विकत कोण घेणार? कापायचे पैसे द्या, कापून देतो.’ नवसाचा नाही, विकण्याजोगा नाही, खाण्याजोगाही जेमतेम. वर मारण्याचे पैसे आपणच भरायचे. मी परत आले.

शेवटी वाट निघाली ती गोराईच्या मावशीकडून. खाडीपलीकडून बोटीने येऊन ती आमच्याकडे पंधरा वर्षे मासळी देते. तिच्या परड्यात दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत आणि तिचा जुना कोंबडा मुंगसाने नेला होता. कोंबडा बघायला ती मागे आली, त्याला पायांनी उचलून उलटा धरला, छाती चाचपली आणि नाक मुरडले. ‘याची पिल्लं खुडूक बसायची नाहीत,’ ती म्हणाली. हे खरे आहे. लेगहॉर्नमध्ये अंडी उबवत बसण्याची वृत्ती फार कमी, आणि जिच्याकडे यंत्र नाही तिला खुडूक कोंबडीच हवी असते. ‘तरी नेते. माझ्या कोंबड्या राखील. पण बाई, मी कापणार नाही असं काही सांगणार नाही. पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, तर बघेन.’

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती दारात उभी राहून हे ऐकत होती. मावशी गेल्यावर माझ्या नणंदेने मला बाजूला घेऊन सांगितले, की पोरीला ‘तो गोराईला मजेत राहणार’ एवढेच सांग. लहान आहे ती. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली कुत्री, मांजरे अशीच ‘गावाला’ गेलेली आहेत. मला ते जमण्यासारखे नव्हते, कारण मुलीने ऐकले होते आणि मी ऐकले होते हेही तिला ठाऊक होते. रात्री तिने विचारले, ‘मावशी कापेल?’ मी म्हटले, कापू शकेल. ‘म्हणजे नक्की नाही?’ नक्की नाही. ‘मग आपण ठेवू या ना.’ मी तिला वर नेले. परिचारिका नुकतीच कामावर निघाली होती, जिन्यातच भेटली. त्या दोघी काय बोलल्या ते मी मुद्दाम ऐकले नाही, चार पायऱ्या खाली उभी राहिले. परत येताना मुलीने एवढेच विचारले, की मावशीकडे त्याला दिवसभर मोकळे फिरता येईल का. येईल, हे मी खात्रीने सांगू शकत होते.

पुढच्या शुक्रवारी मावशी झाकणाची टोपली घेऊन आली. मुलगी शाळेत गेली नाही; तिने स्वतःच त्याला धरून आत बसवले आणि झाकणाची दोरी बांधली. सासूबाईंना हे देणे मुळातच पसंत नव्हते, पण फुकट देणे तर त्यांना अजिबात चालेना. पोसलेले जनावर फुकट गेले की घराला बरे नसते, असे त्यांचे म्हणणे. पावसाळ्यातली मासेमारी बंद होती, तेव्हा ताजी मासळी नव्हती. मावशीने पाटीतून सुक्या बोंबलांची एक जुडी काढून ओट्यावर ठेवली. सासूबाईंनी चष्मा लावला, बोंबील मोजले, आणि आणखी चार मागून घेतले.