फोटोतल्या बाई कुठे आहेत?

रविवारी सकाळी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर माझं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक प्लॅस्टिकची खुर्ची, एक स्टेपलर आणि निळ्या शाईची दोन पेनं. लोक पिशव्या घेऊन येतात. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक, आणि सगळ्यात आत रेशनकार्ड, लाइटबिलं, मतदार यादीचे उतारे, कुणाचा तरी मृत्यूचा दाखला. मी एका खासगी कंपनीत हिशेब खात्यात कारकून आहे, बी.कॉम. झालेला. कागद वाचता येतो आणि अर्ज लिहिता येतो, एवढ्या भांडवलावर वस्तीने मला कार्यकर्ता करून टाकलं. वीस वर्षं हे चाललं आहे. या कामात माझ्या हातून एक चूक झाली ती आज सांगतो. सांगायला लाज वाटते, पण तीच चूक अजून घरोघरी चालू आहे.

आमचे आईवडील १९७२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातून मुंबईला आले. दादा, म्हणजे माझे वडील, बिगारी काम करत. आई त्याच साइटवर घमेली वाही. नाल्याकाठी चार बांबू आणि वर ताडपत्री, हे आमचं पहिलं घर. १९७६ साली सरकारने मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली, झोपड्यांना नंबर दिले आणि फोटोपास दिले. आमच्या फोटोपासावर दादा आणि आई दोघं उभे आहेत. पुढे पाटी, पाटीवर खडूने लिहिलेला झोपडीचा नंबर. पाटी दादांनी एका बाजूने आणि आईने दुसऱ्या बाजूने धरली आहे. नाव मात्र एकट्या दादांचं.

तो पास, गणनेची पावती, पाण्याच्या नळाची पावती, पहिलं लाइटबिल, सगळं आईने एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. तिला अक्षर ओळखता येत नाही. पण कुठला कागद कशाचा हे ती घडीवरून आणि डागावरून सांगते. २६ जुलै २००५ ला नाल्याचं पाणी घरात छातीपर्यंत चढलं, तेव्हा ती ट्रंक डोक्यावर घेऊन उभी राहिली. शेजाऱ्यांनी तिला माळ्यावर ओढून घेतलं. टीव्ही गेला, गहू-तांदूळ गेले, माझी पदवीची मार्कलिस्ट भिजून लगदा झाली. ट्रंकेतला एक कागद ओला झाला नाही.

२००९ साली दादा वारले.

२०१६ मध्ये आमच्या वस्तीचं पुनर्वसन योजनेत नाव आलं. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं तेव्हापासून ही पद्धत आहे. बिल्डरने झोपडीवाल्यांना फुकट घरं बांधून द्यायची आणि त्या बदल्यात विक्रीच्या इमारती उभ्या करायच्या. पण फुकट घर कुणाला, हे बिल्डर ठरवत नाही. ते ठरतं एका यादीवर. तिला परिशिष्ट-२ म्हणतात. जमीन महापालिकेची असेल तर महापालिकेचा, जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर त्यांच्याकडचा, म्हाडाची असेल तर म्हाडाचा सक्षम अधिकारी ती यादी तयार करतो. झोपडीचा नंबर, धारकाचं नाव, क्षेत्रफळ, वापर, पुरावे आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द : पात्र किंवा अपात्र. पन्नास वर्षांचा संसार त्या रकान्यात मावतो.

मोजणीवाले आले, टेप लावली, दारावर रंगाने नंबर टाकले. मी नियोजित संस्थेच्या कमिटीत होतो. ऑफिसमधून आलो की रात्री अकरापर्यंत लोकांचे अर्ज भरत होतो. आमच्या घराचा अर्ज सगळ्यात शेवटी भरला, आणि झोपडीधारक म्हणून माझं नाव घातलं. मनात काही खोट नव्हती, असं मी स्वतःला सांगत होतो. आई म्हातारी, तिला कचेरीत कुठे फिरवायची? पुढेमागे नावात बदल करत बसण्यापेक्षा आत्ताच एकाचं नाव बरं. कल्याणला दिलेल्या ताईकडून ना हरकतीच्या कागदावर सही आणली. तिने वाचलंसुद्धा नाही. "तू लिहिलंस ना, मग बरोबरच असंल," म्हणाली. आईचा अंगठा मी घरीच घेतला. तिने विचारलं, "कशाचा कागुद हाय?" मी म्हटलं, "घराचा." तिने अंगठा पुसला आणि भाकरी थापायला गेली.

इथे वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दर चौदा एप्रिलला आमच्या विहारात माझं भाषण असतं. विषय ठरलेला : हिंदू कोड बिल. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं त्याच्या कारणांत हे बिल कसं होतं, पुढे १९५६ च्या वारसा कायद्याने विधवा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा कसा मिळाला, तो कायदा आपल्या बौद्धांनाही कसा लागू आहे, हे मी पाठ म्हटल्यासारखं सांगतो. टाळ्याही पडतात. त्याच हाताने मी आईचा अंगठा घेतला होता.

२०१७ ला प्रारूप यादी लागली. बोट फिरवत आमच्या नंबरापर्यंत आलो तर शेवटच्या रकान्यात अपात्र. शेरा होता की अर्जदाराचं नाव फोटोपासधारकाशी जुळत नाही आणि १ जानेवारी २००० पूर्वीचा अर्जदाराचा स्वतःचा पुरावा नाही. खरंच होतं ते. मी शिकायला औरंगाबादला काकांकडे होतो, त्या वर्षांत इथल्या मतदार यादीत माझं नावच घातलं गेलं नव्हतं. चाळीस घरांचे अर्ज बिनचूक भरणारा मी, माझ्याच अर्जात मी राहत असल्याचा पुरावा नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोला सांगताना आवाज फुटेना.

हरकतीवर सुनावणी लागली. ऑफिसात अर्धी रजा टाकून ट्रंकेतले कागद घेऊन गेलो. समोरचे साहेब वयस्कर होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी फोटोपास हातात घेतला, चष्मा वर केला आणि बराच वेळ फोटोकडे बघत राहिले. मग विचारलं,

"फोटोतल्या बाई कुठे आहेत?"

"घरी आहेत साहेब."

"म्हणजे हयात आहेत?"

"हो. माझी आई."

"मग अर्ज त्यांचा का नाही?"

मी बी.कॉम. आहे, पन्नास माणसांपुढे बोलतो. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. साहेबांनी १९९५ च्या मतदार यादीचा उतारा पुढे सरकवला. त्यात दादांच्या खालच्याच ओळीत आईचं नाव होतं. ते म्हणाले, "पुरावा यांच्या नावावर भरपूर आहे. तुमच्या नावावर काही नाही. घर कुणाचं म्हणायचं?" मग शिपायाला त्यांनी पुढचा नंबर पुकारायला सांगितला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, नाहीतर शिव्या देईल. ती म्हणाली, "तवा बी म्या इचारलं व्हतं, बाबा, कशाचा कागुद हाय म्हणून." एवढंच. बायको मात्र रात्री मला म्हणाली, "तुमच्या नावाबरोबर माझं नाव लागणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीही गप्प बसले." नियम तसाच आहे. पुनर्वसनाचं घर नवरा-बायको दोघांच्या मालकीचं धरलं जातं, आणि संस्थेच्या दप्तरात व शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं यावी लागतात. नियम चांगलाच आहे. पण नवरा वारला आणि मुलगा पुढे झाला, की मुलगा आणि सून अशी जोडी लागते आणि फोटोतली बाई बाहेर पडते. बायकोने हे मोकळेपणाने सांगितलं म्हणून मलाही इथे लिहिता आलं.

अर्ज आईच्या नावाने दुरुस्त केला. दादांच्या मृत्यूचा दाखला जोडला, ट्रंकेतल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स जोडली. सुनावणीला आई स्वतः आली. अंतिम यादीत तिच्या नावापुढे पात्र लागलं.

मग मी आणखी एक काम केलं. मी भरलेले सगळे अर्ज पुन्हा काढून बसलो. नऊ घरांत विधवा आई हयात असताना मुलाचं नाव मीच घातलं होतं. नऊही घरी गेलो. पाच घरांनी ऐकलं आणि दुरुस्ती केली. एका मुलाने मला दारातूनच परत पाठवलं, "आमच्या घरात भांडण लावू नका" म्हणाला. दोन घरी काही ना काही कारणं सांगितली. नवव्या घरची म्हातारी स्वतःच नको म्हणाली. तिचं म्हणणं मला अजून टोचतं : "नाव लावलं आन् पोरगं रुसलं, तर भाकर कोण देईल? नाव का खायाचं हाय?" तिला काय उत्तर देणार? ती आज मुलाच्याच घरी आहे, बरी आहे. ज्याने मला दारातून परत पाठवलं त्याची आई मात्र आता बहिणीच्या घरी गॅलरीत झोपते.

वरळीच्या बीडीडी चाळीतली माझी मावशी हे सगळं ऐकून हसते. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फूट. तिची पाळी अजून यायची आहे, पण भाडेपावती आहे म्हणून ती निवांत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानंतर बीडीडी आली. या चाळींत सरकार घरमालक आणि आपण भाडेकरू. बाबासाहेबही परळला ट्रस्टच्या चाळीतच वर्षानुवर्षे राहिले. चाळीत पावती सरकार फाडतं. झोपडीत तसं नाही. तिथे आपण आहोत हे आपणच सिद्ध करायचं, आणि ते कागद कुणी सांभाळलेले असतात हे मी ट्रंकेवरून शिकलो.

ज्यांच्या वस्तीत आत्ता यादी चालू आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर फुकट. त्यानंतरचा, १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर अडीच लाख रुपये भरून, असं २०२३ मध्ये ठरलं. अपात्र आलं म्हणून हातपाय गाळू नका, अपील करता येतं. शेरा नीट वाचा, कारण उत्तर शेऱ्याला द्यायचं असतं, आपल्या दुःखाला नाही. ना हरकतीच्या कागदावर ज्याचा अंगठा घ्याल त्याला तो आधी वाचून दाखवा.

आमचं घर पडलं २०१९ ला. मग करोना आला, काम थांबलं, भाड्याच्या खोलीत पाच वर्षं काढली. २०२४ ला ताबा मिळाला. आधी २६९ चौरस फूट म्हणत होते, २०१८ च्या नियमावलीमुळे ३०० झाले. सोडतीत अकरावा मजला आला. आई लिफ्टमध्ये भिंतीला धरून उभी राहते. ट्रंक तिने पलंगाखाली ठेवली आहे, नाला अकरा मजले खाली असला तरी.

शेअर सर्टिफिकेट आलं ते तिला वाचून दाखवलं. नावात एक अक्षर चुकलं होतं. "दुरुस्त करून आन," म्हणाली. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

रविवारी दहा ते एक मी ओट्यावर असतो. येताना मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्स आणा. आणि घरात म्हातारी असेल तर तिलाही बरोबर आणा.