अर्धा पडदा

सोय नवी असते तेव्हा तिचे कौतुक होते. ती अंगवळणी पडली की तिचा विसर पडतो आणि ती एकाएकी नाहीशी झाली म्हणजे तिची खरी किंमत कळते. सायकलची साखळी निमूट फिरत असते तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. शाळेच्या वाटेवर ती उतरली, की मगच स्वार खाली वाकतो.

संगणकाच्या पडद्यावरही अशी एक सोय आहे. प्रत्येक प्रोग्राम आपले काम ज्या चौकटीत दाखवतो तिला विंडो, म्हणजे खिडकी, असे नाव आहे. त्या खिडकीची वरची पट्टी माऊसने धरावी, पडद्याच्या डाव्या कडेपर्यंत ओढून न्यावी आणि सोडून द्यावी. खिडकी आपोआप पडद्याचा डावा अर्धा भाग व्यापून बसते. दुसरी खिडकी तशीच उजवीकडे नेली, की दोघी शेजारणींसारख्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. या युक्तीला ‘स्नॅप’ म्हणतात.

या युक्तीमागचा इतिहासही गमतीचा आहे. विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ साली आली, तेव्हा तिच्यातील खिडक्या फरशांप्रमाणे एकीला लागून एक अशाच मांडल्या जात. एक दुसरीवर चढत नसे. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या टेबलावरील कागदांप्रमाणे एकमेकींवर ठेवता येऊ लागल्या. मोकळीक मिळाली, पण पसाराही आला. पुढे २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये कडेला ओढताच अर्धा पडदा व्यापण्याची सोय झाली आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये खिडक्या मांडण्याचे तयार नमुनेही मिळाले.

दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याची गरज मात्र संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. कचेरीत नक्कल तपासताना एकाने मूळ कागद वाचावा आणि दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवावे, ही ताळा घेण्याची जुनी रीत. पडद्याचे दोन अर्धे भाग हे काम एकट्या माणसाला करू देतात.

लातूर जिल्ह्यातील अहमदपूर हे बालाघाटच्या डोंगराळ मुलखातील तालुक्याचे गाव आहे. मृग बरसला की भोवतालची शेते सोयाबीन आणि तुरीने हिरवी होतात, आणि पाठोपाठ पीकविम्याचे अर्ज भरण्याची घाई सुरू होते. गावातल्या एका लहानशा सेवा केंद्रात एक ताई हे काम करतात. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात शेतकऱ्याचा सातबारा आणि उजव्या अर्ध्या भागात विम्याचा अर्ज, ही त्यांची नेहमीची मांडणी. डावीकडे पाहावे, उजवीकडे लिहावे आणि पुन्हा डावीकडे पाहून ताळा घ्यावा. गट क्रमांकात तिनाच्या जागी आठ पडला, तर अर्जावर दुसऱ्याचेच शेत लागायचे. पुढे पीक बुडाले, तर त्या एका आकड्यापायी शेतकऱ्याने किती हेलपाटे घालावेत!

मुदत संपायला दोन दिवस उरले असताना एका सकाळी ही मांडणीच मोडली. कागद पाहण्याच्या प्रोग्रामचे रात्री अपडेट झाले होते. ताईंनी सातबाऱ्याची खिडकी डावीकडे ओढली. ती कडेला गेली, पण अर्ध्या पडद्यात मावेना. तिची उजवी बाजू शेजारच्या अर्जावर चढली आणि अर्जातील निम्मी नावे झाकून गेली.

बाकावर बसलेले एक वयस्कर शेतकरी म्हणाले, “ताई, यंत्र बिघडलं का?”

“यंत्र नाही, मामा, काहीतरी बदललंय. काय बदललं ते आधी पाहू,” ताई म्हणाल्या.

मदतनीस मुलगा अधीर होता. प्रोग्राम काढून टाकावा, संगणक नव्याने सुरू करावा, सेटिंग्ज पूर्वपदावर आणाव्यात, असे तीन उपाय त्याने एका दमात सुचवले. ताईंनी त्याला थांबवले. तिन्ही उपाय एकदम केले आणि खिडकी मावली, तरी कोणत्या उपायाने मावली ते कळणार नव्हते. आणि न मावली, तर नवा गोंधळ जुन्यात मिसळणार होता.

ताईंनी एका वेळी एकच प्रश्न विचारायचे ठरवले. पहिला प्रश्न असा : दोष सगळ्या खिडक्यांत आहे की एकीतच? त्यांनी नोटपॅड उघडले आणि डावीकडे ओढले. ते मुकाट्याने अर्ध्या पडद्यात बसले. तेही बसले नसते, तर सेटिंग्जमधील ‘सिस्टम’ आणि त्यातील ‘मल्टिटास्किंग’ या भागात जाऊन ‘स्नॅप विंडोज’चे बटण बंद पडले आहे काय, हे पाहावे लागले असते. आता ती शंका उरली नाही.

दुसरा प्रश्न : दोष ओढण्यात तर नाही? काही प्रोग्राम आपली वरची पट्टी स्वतःच रंगवतात आणि मग ती पट्टी धरून ओढले तरी संगणकाला ओळख पटत नाही. म्हणून त्यांनी माऊस सोडला आणि विंडोजचे बटण दाबून धरून डाव्या बाणाची कळ दाबली. खिडकी पूर्वीसारखीच कडेला गेली आणि पूर्वीसारखीच अर्जावर चढली. म्हणजे हातही निर्दोष होता आणि पट्टीही.

मग त्यांनी त्या खिडकीकडे नीट निरखून पाहिले. नव्या आवृत्तीत डाव्या बाजूला बटणांची एक उभी रांग आली होती. येथे बिघाडाचे मर्म होते. प्रत्येक प्रोग्रामला संगणकाला सांगून ठेवता येते, की याहून अरुंद मला करू नका. एसटीच्या दोघांच्या बाकावर काल नीट बसणारा प्रवासी आज काखेत गाठोडे घेऊन आला, तर शेजाऱ्याने कितीही अंग चोरले तरी ते गाठोडे त्याच्या मांडीवर येणारच!

हे गणित तुम्हालाही करता येईल. ताईंचा पडदा १३६६ ठिपके रुंद होता. त्याचा अर्धा भाग ६८३ ठिपक्यांचा. समजा, प्रोग्रामने किमान ६०० ठिपके मागितले. ते सहज मावतील. पण अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडद्याचे प्रमाण १२५ टक्के ठेवले असेल, तर ६०० चे ७५० होतात आणि ६८३ मध्ये ते मावत नाहीत. ताईंच्या पडद्याचे प्रमाण १२५ टक्केच होते. त्यांनी ते १०० वर आणले, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला आणि खिडकी डावीकडे ओढली. ती बरोबर अर्ध्यात बसली.

मदतनिसाने टाळी वाजवली. पण ताईंनी लगेच मान डोलावली नाही. अक्षरे बारीक झाली होती, आणि ज्या आकड्यांसाठी हा खटाटोप, तेच आता डोळ्यांना ताण देऊ लागले होते. तिनाचा आठ होण्याचे भय दुसऱ्या दाराने आत आले होते. तेव्हा त्यांनी प्रोग्रामच्या आत सातबाऱ्याचे पान तेवढे मोठे केले, आणि कंट्रोलची कळ दाबून अधिकचे चिन्ह दाबत अर्जाची अक्षरेही वाढवली. बटणे बारीक राहिली. त्यांचे वाचन कोणाला करायचे होते? मामांचा गट क्रमांक मात्र ठसठशीत दिसू लागला. ताईंनी तो मोठ्याने वाचला, मामांनी होकार दिला आणि मगच अर्ज पुढे गेला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी प्रोग्राम तयार करणाऱ्यांना चार ओळी लिहिल्या : नवी आवृत्ती कोणती, पडदा किती रुंद, प्रमाण किती टक्के, आणि खिडकी कडेला नेल्यावर नेमके काय होते. ‘तुमचा प्रोग्राम चालत नाही’ हे वाक्य त्यांनी लिहिले नाही. त्या वाक्याने राग कळला असता, दोष कळला नसता. दुरून उपाय करणाऱ्याला रोग्याची नाडी हाती लागत नाही. त्याला लक्षणेच नीट सांगावी लागतात.

वस्तू अडली की तिला दोन थपडा माराव्यात, नाहीतर सगळेच उलगडून बसावे, असा मोह पुष्कळांना होतो. सायकल असो, पंप असो की संगणक असो, काल आणि आज यांत काय बदलले हे आधी शोधावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. या रीतीला वेळ लागतो खरा. पण बाकावर बसलेल्या माणसाचे शेत त्याच्याच नावावर राहते.