विसरण्याची विद्या

भोकरदन तालुक्यातलं जाळीचा देव हे महानुभावांचं स्थान. स्मरण हीच या पंथाची साधना. म्हाइंभटांनी लीळाचरित्र जुळवलं तेही भक्तांच्या आठवणी गोळा करून. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, आणि किल्ली फक्त पंथातल्या माणसांकडे. कूटलेखनाचा आजचा विद्यार्थी असली अदलाबदल दुपारभरात फोडेल. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारखे अभ्यासक येईपर्यंत गुपित टिकलं. लिपी कच्ची होती, माणसं पक्की होती.

कूटलेखनाच्या विद्येतल्या आजच्या माणसाची खोड नेमकी उलटी. तो माणसावर विसंबायलाच तयार नसतो.

त्यांतलेच एक, पर्ड्यू विद्यापीठातले अनिकेत काटे, आयआयटी मुंबईतून कॅनडातल्या वॉटर्लूला गेले. २०१० मध्ये त्यांनी ग्रेगरी झावेरुचा आणि इयान गोल्डबर्ग यांच्यासह एक शोधनिबंध मांडला. निबंधातली युक्ती जालन्याच्या मोंढ्यात सांगता येईल. व्यापारी पोत्यात सळई खुपसून मूठभर सोयाबीन काढतो, तेवढ्यावर भाव ठरवतो. तळाशी काय भरलंय ते देव जाणे. इथे मात्र आधी अख्ख्या पोत्यावर एक चिमुकली मोहोर बसते. मग कुठलाही दाणा मागा, तो मोहोर बसली तेव्हाचाच आहे हे पडताळता येतं. इथेरियम या ब्लॉकचेनवर माहितीच्या सुमारे १२८ किलोबाइटांच्या गठ्ठ्याला ४८ बाइटांची मोहोर पुरते.

मेख एकच. ही मोहोर घडवायला एक गुप्त संख्या लागते, आणि ती कुणाला माहीत असली तर तो खोटा दाणाही खरा ठरवू शकतो. म्हणजे ती जन्माला यावी, पण कुणाच्याच हाती राहू नये.

त्यासाठी २०२३ मध्ये चक्क सोहळा झाला. जगभरातून १ लाख ४० हजारांहून अधिक वेळा लोकांनी आपापली गुप्त भर घातली. कुणी माउस वेडावाकडा फिरवून, कुणी मनाला येईल ते टंकून. भर घालायची आणि पुसून टाकायची. बाकी सगळे लबाड निघाले तरी चालतील, एकाने प्रामाणिकपणे पुसलं की झालं. तो एक कोण, हे कुणाला ठाऊक नाही. १३ मार्च २०२४ पासून इथेरियमचे हे गठ्ठे त्याच्या भरवशावर चालले आहेत.