नुसतं पडायला काय शिकायचं?

आज पिकाचं नाही, कंबरेचं सांगतो.

कपाशीवर फवारणी चालू होती. पंप १६ लिटरचा, म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो. दिवसात पंधरा पंप मारले अन् रात्री कंबर धरली. पोरगी म्हणाली, "बाबा, शवासन करा." मला हसू आलं. नुसतं पडायला काय शिकायचं?

उघड्या फरशीवर पाय ताणून पडलो. पाच मिनिटांत कंबर जास्तच ठणकायला लागली. मग तिनं सतरंजी अंथरली, गुडघ्याखाली गोधडीची गुंडाळी दिली, डोक्याखाली पातळ घडी. गुडघे उचलले गेले तशी कंबर आपोआप जमिनीला टेकली. तळहात वर, डोळे मिटलेले, श्वास आपल्या चालीनं. दहा मिनिटं पडून राहिलो. कंबर बरी झाली असं म्हणत नाही, पण त्या रात्री झोप लागली.

ध्यानात ठेवा, फवारणी करून आलात तर आधी साबणानं अंघोळ अन् कपडे बदलायचे, मगच पडायचं. जेवल्या जेवल्या नको. उठताना झटका देऊ नका. आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधारानं बसा. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, तर आसनावर भागवू नका, डॉक्टरला दाखवा.

दुसऱ्या दिवशी आठच पंप मारले. राहिलेलं रान परवावर ढकललं. बैलं होती तेव्हा दुपारी त्यांना न चुकता सावलीला सोडायचो. स्वतःला सोडायचं मात्र कधी सुचलं नाही.