हिशेब मागणारी माणसे

लोकशाही म्हणजे मतदान, अशी पुष्कळांची समजूत असते. पाच वर्षांतून एकदा रांगेत उभे राहावे, बोटाला शाई लावून घ्यावी आणि घरी परतावे, की नागरिकाचे कर्तव्य संपले! परंतु बी पेरून जो शेतकरी थेट सुगीलाच बांधावर येतो, त्याच्या पदरी धान्याऐवजी तणच पडते. मतदान ही पेरणी होय; खरी राखण पुढेच असते. सरकारला प्रश्न विचारणे आणि त्याच्याकडून खरे उत्तर मिळविणे, हीच ती राखण.

ही राखण कशी करावी, हे राजस्थानातील गरीब मजुरांनी दाखवून दिले. त्यांच्या भागात पाऊस बेताचा. म्हणून माती खणणे, दगड वाहणे अशा सरकारी दुष्काळी कामांवर अनेकांचा उदरनिर्वाह चाले. दिवसभर राबूनही ठरलेली मजुरी मात्र हाती पडत नसे. कारण विचारावे, तर कागदावर काम कमी भरले आहे असे सांगण्यात येई. आणि तो कागद पाहू म्हटले, तर ते सरकारी गुपित ठरे! ज्याच्या घामाची नोंद, त्यालाच ती पाहण्याची बंदी, असा हा न्याय होता.

१९९० साली या मजुरांनी व शेतकऱ्यांनी 'मजदूर किसान शक्ती संघटन' ही संस्था उभारली. १९९४ पासून तिने गावोगाव जनसुनावण्या भरविल्या. मिळतील ते हजेरीपट व पावत्या लोकांसमोर मोठ्याने वाचल्या जाऊ लागल्या, आणि नवल घडले! जे कधी कामावर गेलेच नव्हते, त्यांचीही नावे हजेरीपटावर निघाली. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांनीही ऐकता ऐकता खोटे ओळखले. कारण कोण राबले आणि कोण राबले नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१९९६ साली ब्यावर गावी या लोकांनी ४० दिवस धरणे धरले. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा होती. सरकारी तिजोरीतील पैसा जनतेचा, तेव्हा त्याचा हिशेबही जनतेलाच मिळाला पाहिजे, एवढेच त्यांचे मागणे. सरकार लगेच हलले नाही. परंतु मागणी न्याय्य होती आणि मागणारे थकले नाहीत. २००० साली राजस्थानात माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी याच मागणीसाठी उपोषण केले आणि येथेही तसा कायदा आला. पुढे संसदेने केलेला कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. त्यानुसार कोणीही नागरिक अर्ज करून सरकारी कार्यालयाकडे माहिती मागू शकतो. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी अर्जाचे शुल्क केवळ १० रुपये आहे. उत्तर साधारणतः ३० दिवसांत द्यावे लागते. एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तासांत.

कायदा झाला म्हणजे सारे साधले, असे मात्र नव्हे. कित्येकदा उत्तरे उशिरा येतात, कधी अपुरी येतात; आणि हिशेब मागणाऱ्या काहींना तर प्राणास मुकावे लागले आहे. म्हणून हा हक्क जपण्यास धैर्य हवे. तसेच विवेकही हवा. कोणाला छळण्यासाठी विचारलेला प्रश्न हक्काला कमीपणा आणतो. गावचा रस्ता वर्षभरातच का उखडला, शाळेसाठी आलेला पैसा कोठे खर्च झाला, असा सर्वांच्या हिताचा प्रश्न त्याचे तेज वाढवितो.

प्रश्न ऐकून रागावणारे सरकार दुबळे असते. उत्तर देणारे सरकारच बलवान होय. परंतु सरकारला ही सवय लावण्याचे काम प्रजेचेच आहे. जेथे लोक विचारणे सोडतात, तेथे उत्तर देण्याची रीतही हळूहळू मोडते.